माहेरच्या वाटेवरचा रक्तदाब

गरोदरपणातील बहुतेक गुंतागुंती कोणत्या ना कोणत्या खुणेने घरच्यांच्या लक्षात येतात. रक्तस्राव दिसतो, ताप हाताला लागतो, कळा वेळेआधी सुरू झाल्या तर घरातल्या जाणत्या बाईला ते लगेच कळते. वाढलेला रक्तदाब मात्र कित्येक आठवडे काहीही जाणवू न देता शरीरात राहतो, आणि डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा उजव्या बरगडीखाली दुखणे सुरू होते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून या आजारात बाईला कसे वाटते यापेक्षा बीपीच्या यंत्रावर कोणता आकडा आला याला महत्त्व अधिक आहे. आणि तो आकडा गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यापर्यंत ठरावीक अंतराने, मध्ये खंड न पडता घेतला जाणे ही आईचा जीव वाचण्याची पहिली अट आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या वाटेवरचे, ऊस, केळी आणि हळदीच्या पट्ट्यातले गाव. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तरी मोठ्या दुखण्यासाठी या भागातील माणसे अजूनही नांदेडची वाट धरतात. कागदावर पाहिले तर इथल्या गरोदर स्त्रीसाठी आरोग्यव्यवस्थेची शिडी पूर्ण आहे: गावातली आशा, उपकेंद्रातील आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र, आखाडा बाळापूरचे ग्रामीण रुग्णालय, कळमनुरीचे उपजिल्हा रुग्णालय, हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय आणि नांदेडजवळ विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. २०२४ पासून हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. मात्र कोणत्या स्त्रीने यातल्या कोणत्या पायरीवर आणि कधी पोहोचायचे, हे खालच्या पायरीवर घेतलेल्या रक्तदाबाच्या नोंदीवरूनच ठरते, आणि ती नोंद झालीच नाही तर वरच्या सगळ्या पायऱ्या असून नसल्यासारख्या होतात.

महाराष्ट्राने मातामृत्यू कमी करण्यात चांगली मजल मारली आहे. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८-२० या काळातील आकड्यांनुसार देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता मृत्युमुखी पडत होत्या, तर महाराष्ट्रात हे प्रमाण ३३ होते. जगभरातील मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्रावाच्या खालोखाल उच्च रक्तदाबाचे विकार येतात आणि साधारण सहा-सातांपैकी एक मृत्यू त्यांच्यामुळे होतो. यातले बहुसंख्य मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, कारण रोग ओळखण्याचे साधन स्वस्त आहे, झटके थोपवणारे औषध स्वस्त आहे आणि दोन्ही वापरण्याची रीत खेड्यातल्या आरोग्यसेविकेलाही शिकवता येते.

रक्तदाबाचे दोन आकडे असतात. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते तेव्हा धमनीच्या भिंतीवर येणारा दाब म्हणजे वरचा आकडा, आणि हृदय सैल पडते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. गरोदर स्त्रीचा वरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा ९० किंवा त्याहून अधिक, असे किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आढळले तर रक्तदाब वाढला असे मानतात. वरचा आकडा १६० अथवा खालचा ११० किंवा त्याहून अधिक झाला तर तो तीव्र मानला जातो आणि तिथे मिनिटे मोजावी लागतात. हा वाढलेला दाब विसाव्या आठवड्याच्या आधीच असेल तर तो बहुधा स्त्रीला गरोदरपणाच्या आधीपासूनचा असतो. विसाव्या आठवड्यानंतर नव्याने वाढला आणि दुसरे काही बिघडलेले नसेल तर त्याला गरोदरपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा मूत्रपिंड, यकृत, मेंदू, रक्तातील प्लेटलेट अथवा गर्भाची वाढ यांपैकी कशावर परिणाम दिसू लागला, तर त्या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया हे नाव आहे. आणि या अवस्थेतील स्त्रीला फिट येऊ लागली, म्हणजे सर्वांग ताठ होऊन झटके बसू लागले, की ती एक्लॅम्पसिया. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैलावत असल्यामुळे निरोगी स्त्रीचा रक्तदाब थोडा उतरतो, आणि ज्या स्त्रीला आधीपासूनचा उच्च रक्तदाब आहे तिचाही या काळात नेहमीसारखा दिसू शकतो; त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतली नोंद नसेल तर पुढे वाढलेला दाब जुना की नवा हे ठरवताना डॉक्टरांची पंचाईत होते. दिवस राहिल्याचे उशिरा सांगण्याची, तीन महिने कोणाला कळू न देण्याची जी रीत अनेक घरांत आहे, तिची ही किंमत आहे.

रोगाचे मूळ वारेत आहे. गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्न पुरवणारी वार गर्भाशयाच्या भिंतीला रुजते तेव्हा तिच्या पेशी भिंतीतील नागमोडी धमन्यांत शिरून त्यांना रुंद आणि सैल करतात, जेणेकरून पुढच्या महिन्यांत वाढत्या बाळाला भरपूर रक्त मिळावे. काही स्त्रियांत हे रुंदावणे अपुरे राहते, आणि मग अरुंद पाटाने मोठ्या उसाच्या फडाला पाणी द्यावे तशी गत होते: सुरुवातीला चालून जाते, पीक वाढले की टंचाई जाणवते. रक्त कमी पडलेली वार काही द्रव्ये आईच्या रक्तात सोडते आणि ती द्रव्ये आईच्या सर्व शरीरातील रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. अस्तर बिघडले की रक्तवाहिन्या आखडतात, त्यांतून पाणी आणि प्रथिने झिरपू लागतात आणि रक्त जागोजागी गोठू पाहते. भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे बोस्टनमध्ये संशोधन करणारे डॉ. अनंत करुमांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यांपैकी एक द्रव्य, एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन, दाखवून दिले आणि रोगाच्या समजुतीला नवी दिशा मिळाली. पुण्यात भारती विद्यापीठातील संशोधकही अनेक वर्षांपासून आईच्या आहारातील मेदाम्ले आणि जीवनसत्त्वे यांचा या रोगाशी असलेला संबंध तपासत आहेत. रोग वारेतून उद्भवत असल्यामुळे औषधांनी रक्तदाब आटोक्यात ठेवता येतो, झटके टाळता येतात, पण रोग मुळापासून ओसरू लागतो तो बाळ आणि वार बाहेर आल्यावरच. तज्ज्ञ डॉक्टरांचे सगळे कसब शेवटी एका निर्णयात एकवटते: बाळ पोटात आणखी किती दिवस ठेवणे आईला झेपेल.

कोणाला धोका अधिक, याचे उत्तर अनेक देशांतील पाहण्यांतून बरेच स्पष्ट झाले आहे. मागच्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्पसिया झालेली स्त्री, आधीपासून उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेली स्त्री, आणि शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा ल्युपससारख्या आजारांची स्त्री, यांना धोका सर्वाधिक. पहिलटकरीण, पोटात जुळी असलेली, वजन खूप जास्त असलेली, चाळिशीला आलेली, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून अधिक अंतर पडलेली, किंवा जिच्या आईला वा बहिणीला हा त्रास झाला आहे अशी स्त्री, यांनाही इतरांपेक्षा धोका जास्त असतो. यातील शेवटची बाब घरात विचारून कळण्यासारखी आहे, पण ती क्वचितच विचारली जाते. सासूला सुनेच्या आईचे बाळंतपण कसे झाले हे माहीत नसते, आणि आईने आपल्याला आलेल्या फिटची गोष्ट लेकीला सांगितलेली नसते, कारण आकडी येणे ही घराण्याच्या नावाला लागणारी गोष्ट मानली जाते. नोंदणीच्या वेळी आरोग्यसेविकेने हा एक प्रश्न आवर्जून विचारावा आणि घरच्यांनी त्याचे खरे उत्तर द्यावे, इतके केले तरी धोक्याच्या कितीतरी स्त्रिया वेळेत ओळखता येतील.

वयाचे दुसरे टोक मराठवाड्यात अधिक चिंतेचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार विशीच्या आतील मातांना एक्लॅम्पसियाचा धोका विशी ओलांडलेल्या मातांपेक्षा अधिक असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाच्या आत झाल्याचे आढळले, आणि हिंगोली ज्यातून वेगळा झाला त्या परभणी जिल्ह्यात हेच प्रमाण ४८ टक्के होते. लवकर लग्न म्हणजे लवकर पहिलटकरीण होणे. शिवाय वय कायद्यात बसत नसल्यामुळे अशा मुलीची नोंदणी उशिरा होते, काही वेळा होतच नाही, आणि जिला मोजमापाची सर्वांत जास्त गरज तीच मोजमापातून सुटते. बालविवाहाविषयी सामाजिक अंगाने पुष्कळ लिहिले जाते; तो मातेच्या जिवावर बेतणारा वैद्यकीय धोकाही आहे, हे तितक्या स्पष्टपणे सांगितले जात नाही.

रक्तदाब तीव्र झाला आणि त्याकडे लक्ष गेले नाही तर आईच्या शरीरात एकामागून एक अवयव अडचणीत येतात. मेंदूतील रक्तवाहिनी फुटून पक्षाघात होऊ शकतो, आणि या रोगातील मातामृत्यूंचे हे एक प्रमुख कारण आहे. फुप्फुसांत पाणी साचते, मूत्रपिंडे काम थांबवतात, वार बाळंतपणाच्या आधीच गर्भाशयापासून सुटून आतल्या आत रक्तस्राव होतो. काही स्त्रियांत लाल रक्तपेशी फुटू लागतात, यकृताला इजा होते आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट झपाट्याने घटतात. या त्रिकुटाला डॉक्टर हेल्प सिंड्रोम म्हणतात, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात दुखणे व मळमळणे एवढ्यानेच होत असल्यामुळे घरी ते पित्त समजून सोडले जाते. मराठवाड्यातल्या घरांत गरोदर बाईला पित्त होणे इतके नेहमीचे आहे की सातव्या महिन्यानंतरच्या अशा प्रत्येक ‘पित्ता’ला एकदा बीपी बघणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पायांवरची सूज मात्र एकटी फारशी विश्वासाची नाही. निरोगी गरोदर स्त्रियांचेही पाय सुजतात आणि सूज अजिबात नसताना फिट येऊ शकते. चेहरा आणि हात अचानक सुजले, बांगड्या घट्ट झाल्या, वजन आठवड्याभरात एकदम वाढले तर मात्र तपासणी त्याच दिवशी व्हावी.

बाळाच्या वाट्याला येणारे परिणाम रक्तपुरवठ्याच्या टंचाईतून उगवतात. त्याची वाढ खुंटते, गर्भजल कमी होते, आईसाठी बाळंतपण लवकर करावे लागल्यास ते अपुऱ्या दिवसांचे आणि कमी वजनाचे जन्मते, आणि काही वेळा पोटातच दगावते. लवकर जन्मणे अटळ दिसत असेल तर फुप्फुसे पिकावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने आधी देता येतात, आणि नवजात बाळासाठीचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात बाळंतपण करता येते. पण हे दोन्ही जमण्यासाठी काही दिवस हातात असावे लागतात, आणि ते दिवस वेळेवर घेतलेल्या नोंदीतूनच मिळतात.

प्रतिबंधाचे दोन उपाय पुराव्याने सिद्ध झालेले आहेत. पहिला कॅल्शियमचा. ज्या समाजांच्या आहारात कॅल्शियम कमी असते तिथे गरोदरपणात ते दिल्यास प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण घटते; त्यामुळे भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज दिल्या जातात. त्या जेवणाबरोबर घ्यायच्या आणि लोहाच्या गोळीपासून किमान दोन तास दूर ठेवायच्या असतात, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. बंगळुरू आणि टांझानियात प्रत्येकी ११,००० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने रोजचे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमही प्रीएक्लॅम्पसिया रोखण्यात १,५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी पडत नाही असे दाखवले. म्हणजे दोनपैकी एखादी गोळी कधी राहिली म्हणून दुसरीही सोडून देण्याचे कारण नाही. दुसरा उपाय कमी मात्रेच्या ॲस्पिरिनचा, आणि तो धोका असलेल्या स्त्रियांसाठी, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. मुख्यतः युरोपात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धोक्याच्या स्त्रियांना तिसऱ्या महिन्यापासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर, मुदतीआधी बाळंतपण करावे लागणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील सुमारे १२,००० पहिलटकरणींच्या अभ्यासात नागपूर आणि बेळगाव ही दोन केंद्रे होती. तिथेही ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे घटली. ॲस्पिरिनचा उपयोग व्हायचा तर ते सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू व्हावे लागते, आणि लवकर नोंदणीचे हे आणखी एक कारण आहे.

याउलट, घरोघरी सांगितले जाणारे दोन उपाय या रोगावर कामाचे नाहीत. मीठ तोडल्याने प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही आणि दिवसभर अंथरुणावर पडून राहिल्यानेही टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी या दोहोंची शिफारस केलेली नाही. आळणी जेवण नको वाटून गरोदर बाईचे खाणेच कमी झाले तर त्यात बाळाचे नुकसान मात्र होते.

उपचारांच्या बाबतीत महाराष्ट्राकडे अभिमानाने सांगण्यासारखे काम आहे, आणि ते खासगी पंचतारांकित रुग्णालयांतून आलेले नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलेच डागा स्मृती स्त्री रुग्णालय या दोन सार्वजनिक रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळात तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गरोदर स्त्रियांवर एक अभ्यास झाला. शिरेतून औषध देण्याची आणि सतत देखरेखीची सोय नसेल तिथे तोंडाने घेण्याच्या साध्या गोळ्यांनी काम भागते का, असा त्याचा प्रश्न होता. निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मेथिलडोपा ही तिन्ही जुनी, स्वस्त औषधे. त्यांनी सहा तासांत, अपाय न होता, रक्तदाब आटोक्यात आलेल्या स्त्रियांचे प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के निघाले. हे निष्कर्ष २०१९ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि ग्रामीण रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरला त्यातून मिळणारे उत्तर सरळ आहे: तिन्हींपैकी जी गोळी हाताशी असेल ती द्यावी, वाट पाहू नये. याच दोन रुग्णालयांत त्याआधी ६०२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने, रक्तदाबामुळे कळा आणाव्या लागणाऱ्या स्त्रियांत तोंडाने दिलेले मिसोप्रोस्टॉल गर्भाशयाच्या तोंडात बसवायच्या फोली कॅथेटर या नळीपेक्षा सरस ठरल्याचे दाखवले. चोवीस तासांत नैसर्गिक बाळंतपण होण्याचे प्रमाण ५७ विरुद्ध ४७ टक्के होते. एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे: एनालाप्रिल, रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या गर्भाला घातक असतात, म्हणून आधीपासून उपचार चालू असलेल्या स्त्रीने दिवस राहताच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावे, स्वतःहून नुसते बंद करू नये.

फिटवरचे औषध आणखी जुने आहे. मॅग्नेशियम सल्फेट हा साधा क्षार आहे, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांच्या ‘मॅगपाय’ अभ्यासाने त्याने एक्लॅम्पसियाचा धोका निम्म्याहून कमी होतो हे निर्विवाद सिद्ध केले. पुढच्या रुग्णालयात पाठवण्याआधी आरोग्यसेविकेने दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅमचा पहिला डोस द्यावा अशी सरकारी सूचना आहे. हा डोस न देता गाडीत बसवलेल्या बाईला वाटेत पुन्हा फिट येऊ शकते, म्हणून तो डोस प्रवासाच्या आधी मिळाला का, हे विचारण्याचा नातेवाइकांना हक्क आहे. फिट आलेल्या बाईला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये. तिला डाव्या कुशीवर वळवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयात नेणे, तिथून वरच्या रुग्णालयात हलवणे, औषधे, तपासण्या, रक्त आणि शस्त्रक्रिया हे सर्व मोफत आहे.

तरीही औषध आणि गाडी असताना माता दगावतात, याचे कारण शोधताना मराठवाड्यातील दोन प्रवासांकडे पाहावे लागते. पहिला माहेरचा. सातव्या महिन्यात ओटी भरून पहिलटकरणीला माहेरी पाठवण्याची रीत मायेची आहे आणि ती मोडावी असे कोणी म्हणू नये. परंतु प्रीएक्लॅम्पसिया बहुधा सातव्या महिन्यानंतरच डोके वर काढतो, आणि नेमक्या त्याच वेळी ती स्त्री एका आशाच्या यादीतून नाहीशी होऊन दुसऱ्या गावच्या आशाच्या यादीत अजून आलेली नसते. सासरी सहा महिने घेतलेल्या नोंदी ज्या माता-बाल संरक्षण कार्डावर आहेत ते कार्ड अनेकदा सासरच्या कपाटातच राहते. माहेरच्या डॉक्टरला मग १३०/८४ हा आकडा ठीक वाटतो, कारण तीन महिन्यांपूर्वी तो ९६/६० होता हे त्याला ठाऊक नसते. यावरचा उपाय कोणत्याही यंत्राविना होणारा आहे: कार्ड पिशवीत आधी घालावे, कार्डावरचा आरसीएच हा नोंदणी क्रमांक माहेरच्या आशाला फोनवर कळवावा, आणि पोहोचल्याच्या आठवड्यात उपकेंद्रात बीपी व लघवीची पट्टी बघून घ्यावी.

दुसरा प्रवास उसाच्या फडाचा, आणि तो अधिक कठीण. दिवाळीच्या आसपास मराठवाड्यातील टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तशाच बाहेरच्या टोळ्या इथल्या कारखान्यांच्या परिसरातही उतरतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल दोघांच्या नावावर असते. बाईने तपासणीसाठी दिवस घालवला तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते आणि धोक्याच्या स्त्रीच्या कार्डावर लाल खूण केली जाते. २०१६ पासून चालू असलेली ही चांगली योजना फडातल्या बाईपर्यंत पोहोचायची तर तपासणी फडावर जावी लागेल, आणि त्या दिवसाचा खाडा न धरण्याची जबाबदारी मुकादम व कारखाना यांनी घ्यावी लागेल. पाच-सहा महिन्यांचा हंगाम म्हणजे गरोदरपणाचा अर्ध्याहून अधिक काळ, आणि तो संपूर्ण काळ मोजमापाविना जाणे ही त्या बाईची निष्काळजी म्हणता येणार नाही.

भेटींची संख्या महत्त्वाची असते याला सीमाभागातून आधार मिळतो. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत २०१४ ते २०१६ या काळात आशांना बीपीचे सोपे यंत्र आणि मोबाइलवरील मार्गदर्शक देऊन गरोदर स्त्रियांच्या घरी पाठवण्याचा मोठा प्रयोग झाला. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही तो झाला. एकूण निकाल निराशाजनक होता, कारण प्रयोग राबवलेल्या आणि न राबवलेल्या गटांतील मृत्यू आणि गुंतागुंतींत फरक पडला नाही. मात्र ज्यांच्या आठ किंवा अधिक भेटी झाल्या त्यांच्यात बाळ मृत जन्मण्याची शक्यता कमी आढळली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ पासून किमान आठ भेटींचीच शिफारस केली आहे. हातात यंत्र देणे पुरेसे नाही, ते पुन:पुन्हा वापरले गेले पाहिजे आणि वाढलेल्या आकड्यानंतर पुढे नेणारी गाडी व तिथे उपचार करणारा डॉक्टर असला पाहिजे, असा या प्रयोगाचा धडा आहे.

मोजण्याची रीतही नीट हवी. चालत आलेल्या बाईला पाच मिनिटे पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवावे, दंड हृदयाच्या पातळीत आधारावर ठेवावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा आणि पोलक्याच्या घट्ट बाहीवरून तो बांधू नये. गर्दीच्या दिवशी यातले बरेच सुटते, आणि मग आकडा अंदाजाने लिहिला जातो. प्रत्येक भेटीत १२०/८० लिहिलेले कार्ड दिसले तर घरच्यांनी निःसंकोच पुन्हा मोजायला सांगावे.

बाळ जन्मल्यावर धोका संपतो असा समज सर्वदूर आहे आणि तो चुकीचा आहे. बाळंतपणानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढतो, फिट पहिल्या दोन दिवसांत आणि क्वचित त्यानंतरही येऊ शकते. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीच्या खोलीत डोके दुखते म्हणून पट्टी बांधून झोपलेल्या बाईला तेल-मालिशाआधी बीपीच्या तपासणीची गरज असते. गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या अंगावरच्या दुधाला बाधतील या भीतीने बंद करू नयेत, कारण या काळासाठी दिली जाणारी निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि, गरोदरपणात टाळायचे असले तरी, एनालाप्रिल ही औषधे बाळाला पाजताना चालतात.

प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रीला पुढच्या आयुष्यात कायमचा उच्च रक्तदाब जडण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तिपटीहून अधिक, आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे २००७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसले आहे. तिशीतल्या बाईला हे कोणी सांगत नाही आणि पन्नाशीत ती बाई रुग्णालयात येते तेव्हा पहिल्या बाळंतपणात काय झाले होते हे कोणी विचारत नाही. ज्या घरात अशी आई, बहीण किंवा सून आहे त्यांनी तिचे जुने कार्ड जपून ठेवावे, पुढच्या खेपेला दिवस राहताच ते डॉक्टरांना दाखवावे, आणि मुले मोठी झाल्यावरही वर्षातून एकदा तिचा रक्तदाब मोजून घ्यावा. गावच्या उपकेंद्रात त्यासाठी पैसे पडत नाहीत.